सिडचे मासे

'फायनल फँटसी ६' या गेममधली सेलीस जागी होते तेव्हा एक वर्ष उलटून गेलेलं असतं. छोटंसं बेट, एक झोपडी, एक खाट, आणि वर्षभर तिच्या उशाशी बसून राहिलेला सिड नावाचा म्हातारा शास्त्रज्ञ. इथे आणखीही माणसं होती, तो सांगतो. आता आपण दोघंच. सेलीस त्याला आजोबा म्हणायला लागते. झोपडीबाहेर पडलं की दोन-चार मिनिटांत सगळं बेट पालथं घालून होतं. आभाळ तांबूस झालेलं, समुद्राचा रंग मेलेला. वाटेत राक्षस भेटतात, पण तेही आजारी असतात. त्यांचा जीव आपोआप कमी होत जातो आणि आपण नुसतं उभं राहिलो तरी ते समोर मरून पडतात. इतक्या गेम खेळलो, पण शत्रूची कणव यावी अशी लढाई मला दुसरीकडे भेटलेली नाही.

मग सिड आजारी पडतो. तीन-चार दिवस त्याच्या पोटात काही गेलेलं नसतं. किनाऱ्यावर मासे पोहत असतात. त्यांतला एक पकडायचा, झोपडीत न्यायचा, त्याला भरवायचा आणि पुन्हा किनाऱ्यावर यायचं. मी हाताला लागतील ते मासे पकडत गेलो. लागायचे ते संथ पोहणारे, कारण चपळ मासे निसटून जायचे. प्रत्येक खेपेला वाटायचं, आता उठेल. पाच-सहा खेपा झाल्या असतील. नंतरच्या खेपेला मी मासा घेऊन आत गेलो आणि सिड बोललाच नाही.

हे २००३ सालचं. पुण्यात सदाशिव पेठेत आम्ही तिघं कॉट बेसिसवर राहायचो. पार्ट आणून जोडलेला एक कॉम्प्युटर होता, तोही तिघांत मिळून. त्यावर कोणाकडून तरी आलेल्या सीडीत जुन्या कन्सोलच्या गेम चालवणारा एम्युलेटर होता. लहानपणी आमच्या गावात सुट्टीत तासावर भाड्याने मिळायचा तो टीव्हीला जोडायचा, कॅसेटचा गेम. पळणं, उड्या मारणं, गोळ्या झाडणं. लाइट गेली की पहिल्यापासून सुरू. गेममध्ये गोष्ट असू शकते, ती आठवडाभर चालू शकते, मध्येच थांबवून उद्या पुढे नेता येते, हे मला विशीत कळलं. ज्या गेमने कळवलं ती हीच, 'फायनल फँटसी ६'.

सिड गेला तेव्हा रात्रीचे दोन वाजले असतील. एम्युलेटरमध्ये एक बटण दाबलं की मागच्या क्षणावर परत जाता यायचं. शेजारी जागा असलेला मित्र म्हणाला, "अरे लोड कर ना, परत ट्राय कर." मी केलं नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

पुढे काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. सेलीस उत्तरेच्या कड्यावर जाते आणि उडी टाकते. मागे जी धून वाजते ती आपण आधी ऐकलेली असते. काही तासांपूर्वी, जग शाबूत असताना, तिनेच रंगमंचावर ती गायलेली असते. ती मरत नाही. लाटा तिला किनाऱ्यावर आणून टाकतात. शेजारी एक जखमी पक्षी, आणि त्याला बांधलेलं लॉकच्या, तिच्या जुन्या सोबत्याच्या, डोक्याचं फडकं. कोणीतरी जिवंत आहे. कोणीतरी या पक्ष्याला बांधून दिलंय. ती झोपडीत परतते, सिडने लिहून ठेवलेली चिठ्ठी तिला सापडते, आणि चुलीशेजारच्या पायऱ्यांखाली त्याने तिच्यासाठी बांधून ठेवलेला तराफा.

ही गेम स्क्वेअर या जपानी कंपनीने २ एप्रिल १९९४ रोजी सुपर फॅमिकॉम या कन्सोलवर आणली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती अमेरिकेत गेली, पण 'फायनल फँटसी ३' या नावाने, कारण मधले काही भाग तिथे पोचलेच नव्हते. अख्खी गेम चोवीस मेगाबिटच्या कार्ट्रिजमध्ये मावलेली, म्हणजे तीन एमबी. आज माझ्या फोनवर काढलेला एखादा फोटो त्याहून जड असतो. ती साधारण वर्षभरात तयार झाली. निर्माता हिरोनोबू साकागुची. दिग्दर्शक दोघे, योशिनोरी कितासे आणि हिरोयुकी इतो. संगीत नोबुओ उएमात्सुचं, आणि पात्रांची रेखाटनं योशिताका आमानोची. आमानोची चित्रं धुक्यातून उमटल्यासारखी, हडकुळी, सोनेरी. ती बघून गेम सुरू केली की पडद्यावर दिसतात बुटकी, मोठ्या डोक्याची, सोळा बाय चोवीस ठिपक्यांची माणसं. त्यांना येणाऱ्या हालचाली मोजक्याच. मान खाली घालणं, दचकून हात वर करणं, डोळे मिटणं, पाठ फिरवणं, एक बोट हलवून नाही म्हणणं. कठपुतळीवाल्याच्या बाहुलीला जेवढं येतं तेवढंच. पण कुठे मान खाली घालायची आणि किती वेळ ती तशीच ठेवायची, याचं भान इतकं पक्कं की चेहरा दिसत नसूनही तो दिसतो. सायन या योद्ध्याच्या डोळ्यांसमोरून त्याची मेलेली बायको आणि मुलगा भुतांच्या आगगाडीतून निघून जातात आणि तो फलाटावर पाठमोरा उभा राहतो. बराच वेळ. आपल्या हातात कंट्रोल असतो, पण सायनशी बोलायला गेलं तर तो वळत नाही. सोळा बाय चोवीस ठिपक्यांत एवढं दुःख मावतं.

या गोष्टीला एक नायक नाही. कायमची खेळता येणारी पात्रं चौदा, आणि त्यांतलं कोणीही मधलं नाही. सुरुवात टेराने होते, अर्धी माणूस आणि अर्धी एस्पर, म्हणजे जादूच्या जगातल्या जीवांची मुलगी. मग लॉक पुढे येतो, मग एडगर, मग सेलीस. ही पात्रं बनवणाऱ्यांत वाटली गेली होती. शॅडो आणि सेट्झर तेत्सुया नोमुराकडून आले, एडगर आणि साबिन हे भाऊ काओरी तानाकाकडून, सेलीस आणि गाउ कितासेकडून. खेळताना हे जाणवतं. प्रत्येकाच्या मागे वेगळा जीव लावणारं कोणीतरी आहे असं वाटत राहतं. लढाईतही प्रत्येकाचा हात वेगळा. साबिनच्या चाली बटणांच्या क्रमाने द्याव्या लागतात, जणू आपणच मूठ वळतोय. सायनची तलवार थांबायला लावते. एक पट्टी हळूहळू आठपर्यंत भरत जाते आणि तोवर शत्रू मारत असतो. रेल्म चित्र काढते. गाउ जंगलात वाढलेला पोरगा, तो प्राण्यांसारखा लढतो. उएमात्सुने या प्रत्येकाला स्वतःची धून दिली. सुपर फॅमिकॉमच्या ध्वनियंत्रात एका वेळी आठच आवाज वाजू शकत. त्या आठांत त्याने टेराची बासरीसारखी एकाकी चाल बसवली, आणि केफ्का या खलनायकाचं सर्कशीसारखं, ऐकता ऐकता अंगावर येणारं संगीतही.

आणि त्याच आठांत एक अख्खा ऑपेरा.

त्या प्रसंगाबद्दल लिहायला मी बरीच वर्षं शब्द शोधतोय. कथेतलं कारण अगदी व्यवहारी आहे. सेट्झर हा जुगारी, त्याच्याकडे उडतं जहाज आहे, आणि तो मारिया या गायिकेला भर प्रयोगातून पळवून नेणार असं त्याने कळवलंय. जहाज तर हवंय. मारिया आणि सेलीस दिसायला सारख्या. तेव्हा मारियाच्या जागी सेलीसने उभं राहायचं, सेट्झरने तिला पळवायचं, आणि मग जहाज आपलं. पण सेलीस गायिका नव्हे. ती साम्राज्याची सेनापती होती; तिच्या हातून शहरं जळली आहेत. तिने कपडे बदलायचे, खोलीत बसून संहिता पाठ करायची आणि उभं राहायचं. संहिता खरोखर आपणच वाचायची असते, कारण प्रयोग सुरू झाला की पुढची ओळ कोणती हे आपल्याला निवडावं लागतं. चुकलं की प्रयोग कोसळतो. ऑपेरातली गोष्ट अशी: पराभूत पश्चिमेकडच्या किल्ल्यातली मारिया (नायिकेचं नावही तेच), युद्धावर गेलेला तिचा ड्रॅको, आणि जिंकणारा राजपुत्र जो तिच्याशी लग्न लावू पाहतोय. सेलीस गाते. गळा नाहीच, आहे तो यंत्राचा थरथरता सूर, शब्द खाली अक्षरांत उमटतात. मग ती ड्रॅकोच्या छायेबरोबर नाचते, पुष्पगुच्छ उचलते, गच्चीच्या पायऱ्या चढत जाते.

माझे आजोबा नाट्यसंगीतातले. म्हणजे गाणारे नव्हेत, ऐकणारे. रेडिओवर पद लागलं की हातातलं काम बाजूला ठेवून बसायचे. नट थकला असेल, पात्राला रात्री मरायचं असेल, तरी सूर लागला की वन्स मोअर मिळायचा आणि मेलेला माणूस उठून पुन्हा गायचा, हे ते मला डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. गोष्ट थांबवून गाणं का, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत मलाही पडला नाही. गेम थांबली होती, लढाई नव्हती, गुण नव्हते, आणि एक बाहुली गात होती. हे मला परकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आणि लगेचच अल्ट्रोस नावाचा एक जांभळा ऑक्टोपस वर चढून सेलीसच्या डोक्यावर चार टनांचं वजन ढकलायला जातो. ते हलायला त्याला पाच मिनिटं लागणार असतात, आणि आपण तुळयांवर उंदरांशी लढत धावत सुटतो. हसू आणि रडू असं एकमेकांना चिकटवून ठेवणं हा या गेमचा स्वभावच.

गेमच्या मध्यावर केफ्का जग मोडतो. हे तो खरोखर करतो. कोणी त्याला वेळेत अडवत नाही. खंड सरकतात, गावं जळतात, नकाशा बदलतो, आणि जी माणसं आपण जपून गोळा केली ती उधळली जातात. इथून पुढे, बेटावरून तराफ्याने निघालेल्या सेलीसला पुन्हा माणसं शोधायची असतात. या गेमबद्दल माझं सगळ्यात मोठं म्हणणं इथेच आहे. शोधणं सक्तीचं नाही. सेलीस, एडगर आणि सेट्झर, एवढे तिघे सोडले तर कोणीही परत आलं नाही तरी चालतं. थेट केफ्काच्या मनोऱ्यावर जाऊन गेम संपवता येते. बाकीची माणसं कुठे आहेत हे कोणी नकाशावर खूण करून दाखवत नाही. आपण गेलो तर ती भेटतात. नाही गेलो तर ती तिथेच राहतात, आणि गेम तक्रार करत नाही.

सायनचंच बघा. केफ्काने डोमाच्या किल्ल्याच्या पाण्यात विष कालवलं तेव्हा त्याचं सगळं घर गेलं. जग मोडल्यावर मारांडा नावाच्या गावात लोला नावाची एक मुलगी भेटते. तिच्या सैनिक प्रियकराची पत्रं तिला अजून येतायत, सोबत फुलंही येतात. पण मोब्लिझ गावातला तो जखमी सैनिक आपण आधी पाहिलेला असतो, आणि तो आता जिवंत नाही. पत्र घेऊन उडणाऱ्या पक्ष्याचा माग काढत झोझोच्या डोंगरावर चढलं की गुहेत सायन सापडतो. तो कागदा-रेशमाची फुलं करतोय. मेलेल्या माणसाच्या नावाने तोच पत्रं लिहीत होता. एका अनोळखी मुलीला खोटं सांगून तो स्वतःला जगवत होता, आणि हे खोटं आता थांबवायला हवं हेही त्याला कळलंय. हा सगळा धागा एखाद्या खेळणाऱ्याला कधीच दिसणार नाही. गाउच्या वडिलांचा प्रसंगही तसाच. भ्रमिष्ट झालेल्या त्या माणसाने जन्मलेलं पोर भूत समजून रानात टाकलं. सगळे मित्र मिळून गाउला चांगले कपडे घालतात, नीट बोलायला शिकवतात आणि घेऊन जातात. बाप ओळखत नाही. गाउला तरीही आनंद होतो, कारण बाप जिवंत आहे. हे पाहायला साबिन आणि गाउ दोघंही बरोबर असावे लागतात आणि त्या आडबाजूच्या घरात आपण पुन्हा डोकवावं लागतं. मी पहिल्या खेपेला डोकावलो नव्हतो.

आपली सर्वांत चांगली पानं वाचकाच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवणारा लेखक धाडसी म्हणायचा. माझ्या दृष्टीने हेच या गेमचं मोठेपण. पण या मोठेपणाची किंमत ती मोजते, आणि ती थोडीथोडकी नाही. कोण बरोबर असेल हे लिहिणाऱ्यांना माहीत नसल्यामुळे दुसऱ्या अर्ध्यातले संवाद कोणाच्याही तोंडी चालतील असे झालेत. पहिल्या अर्ध्यात एडगर बोलला की एडगर कळतो. नंतर कित्येक वाक्यं कोणाची आहेत हेच समजत नाही. माणसं परत येतात, जहाजावर उभी राहतात, आणि गप्प होतात. सायन परत आला, पण त्याने टेराशी एक शब्द बोलावा? ती मोब्लिझमध्ये अनाथ पोरांची आई होऊन बसलेली, तो मुलगा गमावलेला बाप. एवढी ताकदीची दोन माणसं एका जहाजावर आणून त्यांना गेम एकमेकांसमोर उभंच करत नाही. याची मला प्रत्येक खेपेला हळहळ वाटते.

याहून खोल दोष जादूचा आहे. कथा काय सांगते? साम्राज्य एस्परना पकडतं, त्यांच्यातली शक्ती पिळून काढतं, त्यातून शस्त्रं करतं. केफ्का स्वतः त्या प्रयोगातला पहिला माणूस. प्रक्रिया अपुरी होती आणि त्याचं मन तिथेच मोडलं. (हे सांगतो कोण, तर राजधानीतल्या गुत्त्यात बसलेला एक माणूस. त्याच्याशी बोललो नाही तर केफ्का आपल्यासाठी नुसता एक खदाखदा हसणारा विदूषक राहतो.) एवढं सांगून झाल्यावर गेम आपल्या हातात मेलेल्या एस्परांचे स्फटिक देते आणि म्हणते, हे अंगावर बाळगा, लढा, जादू शिका. आपण शिकतो. तासन् तास त्याच त्या रानात फिरून शिकतो. शेवटी साबिन काय, सायन काय, सगळे एकच सर्वांत मोठी जादू फेकतात. मुठी, तलवार, चित्रं, हत्यारं, ज्यांनी ही माणसं वेगळी होती ते सगळं अडगळीत पडतं. खलनायक जे करतो तेच आपण सोय म्हणून करतो, आणि इतक्या संवेदनशील कथेला त्याबद्दल आपल्याला एकदाही टोकावंसं वाटत नाही. गाभा आणि खेळ यांच्यात पडलेली ही फट मला आजही टोचते.

काही दोष मात्र सरळसरळ चुका होत्या. मूळ कार्ट्रिजमध्ये वार चुकवण्याचा आकडा कामच करत नसे. ढाली, दागिने, कपडे यांवर तो छापलेला, आपण तो बघून खरेदी करणार, आणि आत गणित दुसऱ्याच आकड्यावर, जादू चुकवण्याच्या आकड्यावर चाललेलं. त्यामुळे डोळ्यांवर अंधारी आणणारा शापही जवळजवळ निरुपयोगी ठरला. मी पहिल्या खेपेला थैली भरून डोळ्यांचे थेंब बाळगले होते. त्यांची गरजच नव्हती. ही चूक सुधारली गेली २००६ च्या गेमबॉय ॲडव्हान्सच्या आवृत्तीत, म्हणजे बारा वर्षांनी. शत्रूला अदृश्य करून त्यावर मृत्यूचा मंत्र टाकला की भलेभले राक्षस, ज्यांच्यावर तो मंत्र चालायलाच नको, तेही एका फटक्यात जायचे. रेल्मचं चित्र काढणं एका विशिष्ट तऱ्हेने फसलं तर सामानाची सगळी यादी विस्कटायची. आणि चार पावलं टाकली की लढाई! कथेचा एखादा हळवा प्रसंग मनात घोळवत गुहेतून बाहेर पडावं, तर दर काही पावलांवर पडदा चकाकतो आणि लय तुटते.

शेवटही फार सोपा. केफ्काच्या अंतिम लढाईसाठी उएमात्सुने सतरा मिनिटांच्या घरातली चार भागांची रचना केली, ऑर्गन आणि समूहगान असलेली. त्या यंत्रावर कोणी असं काही करू धजेल असं वाटत नाही. पण जादू शिकून तयार झालेला गट केफ्काला इतक्या लवकर आडवा करतो की शेवटचा भाग नीट ऐकूनही होत नाही. दुसऱ्या खेपेपासून मी तिथे मुद्दाम वार करणं थांबवतो. चारही जणांना नुसतं बचावात उभं करतो आणि ऐकतो.

इंग्रजी भाषांतराबद्दल मी द्विधा आहे. टेड वूल्झीला ते साधारण तीस दिवसांत उरकावं लागलं होतं, कार्ट्रिजमध्ये जागा अपुरी, वर निन्टेन्डोचे अमेरिकेतले कडक नियम. गुत्त्यांचे कॅफे झाले, 'होली' या मंत्राचं 'पर्ल' झालं. सेलीसच्या बेटावरची बाकीची माणसं कड्यावरून जीव द्यायची, तेसुद्धा तिथून उडी मारली की त्यांना बरं वाटायचं अशा गोलमोल भाषेत आलं. आधी मला त्याचा राग आला. पण नंतर वाटलं, सिड खरंच तसं बोलेल. नुकत्याच उठलेल्या नातीला कोण सांगेल की इथली माणसं जीव देऊन गेली? नियमापायी पत्करलेली ती तडजोड त्या म्हाताऱ्याच्या तोंडी अचूक बसली आहे.

शॅडोबद्दल न लिहिता पुढे जाता येत नाही. तोंड झाकलेला, पैशांसाठी लढणारा मारेकरी, सोबत एक कुत्रा. तो मध्येच सोडून जातो, मध्येच परत येतो. सरायांत झोपलं की कधीकधी त्याची स्वप्नं दिसतात, तुकड्यातुकड्यांनी. एक मरायला टेकलेला साथीदार, एक गाव, एक मूल. जोडून बघितलं की कळतं, रेल्म त्याची मुलगी आहे. गेम हे कोणाच्याही तोंडून म्हणवत नाही. जग मोडायच्या क्षणी तो आपल्याला वाचवायला मागे राहतो. तरंगतं खंड कोसळतंय, घड्याळ उलटं धावतंय, जहाज खाली तयार आहे, आणि उडी मारायची की थांबायचं हे आपल्याला विचारलं जातं. उडी मारली तर शॅडो कायमचा गेला. शेवटच्या पाच सेकंदांपर्यंत थांबलं तरच तो धावत येतो. पहिल्या खेपेला मी उडी मारली. बहुतेक सगळे मारतात, कारण आयुष्यभर गेमनी शिकवलेलं असतं की घड्याळ धावायला लागलं की पळायचं. इथे थांबणाऱ्याला माणूस परत मिळतो. आणि ज्याला मिळतो त्याला तो शेवटी पुन्हा गमवावा लागतो, कारण कोसळणाऱ्या मनोऱ्यात शॅडो आपणहून मागे राहतो. आता पळणं पुरे, असं त्या मेलेल्या साथीदाराला सांगून.

आजोबा २००९ च्या पावसाळ्यात गेले. शेवटचे दोन महिने मी घरी होतो. पेज, मऊ भात, वरणाचं पाणी, चमच्याने. ते तोंड फिरवायचे. आई म्हणायची, "बाबा, आणखी एक घास." एखाद्या दिवशी चार चमचे जायचे आणि घरात सगळ्यांचे आवाज मोकळे व्हायचे. दुसऱ्या दिवशी एकही नाही. काय दिलं म्हणून गेलं आणि काय दिलं म्हणून गेलं नाही, याचा हिशेब मी मनात मांडत बसायचो.

त्यानंतर कधीतरी मी वाचलं की सिडला वाचवता येतं. पडद्यामागे एक आकडा असतो, तो सेकंदागणिक उतरत असतो. चपळ मासा दिला की तो चांगला वर चढतो, संथ मासा दिला तर फायदा होत नाही किंवा उलट अपायच होतो. हे गेम कुठेही नीट सांगत नाही. म्हणजे २००३ मध्ये मीच त्याला मारला होता. वाचून मी सुन्न झालो. मला अजूनही वाटतं की ही या गेमची सगळ्यात मोठी चूक आहे. जिवाला लागलेला मृत्यू तिने बोटांच्या चपळाईवर तोलला, आणि नियम लपवून ठेवून दोष मात्र आपल्या पदरात टाकला. खऱ्या आजारपणात चपळ मासा नसतो. असता तर आम्ही आणला असता.

पण हेही खरं की चपळ मासे दिले, सिड बरा झाला, तर सेलीस कड्यावर जात नाही. ती धून तिथे वाजत नाही, पक्षी दिसत नाही, चिठ्ठी लिहिलीच जात नाही. सिड उठतो, तराफा दाखवतो, ती निघते. दोन मिनिटांचा, भला, विसरून जाण्यासारखा प्रसंग. या गेममधलं सर्वांत हलवून टाकणारं दृश्य केवळ त्यांनाच मिळतं जे म्हाताऱ्याला वाचवू शकत नाहीत. बनवणाऱ्यांनी हे ठरवून केलं असेल का, याचा मी खूप विचार केलाय. दरवेळी माझं उत्तर वेगळं येतं.

गेल्या दिवाळीत भाची आली होती, अकरा वर्षांची. २०२२ ची नवी आवृत्ती माझ्या लॅपटॉपवर आहे. चित्रं धुऊन काढल्यासारखी, संगीत नव्याने वाजवलेलं, आणि ऑपेरात आता खरा गळा आहे. तिने सुट्टीभर ती खेळली. ऑपेराच्या वेळी तिने ओळी वहीत लिहून घेतल्या होत्या. तरंगत्या खंडावर तिने उडी मारली, शॅडो गेला. मी शेजारी बसलो होतो, बोललो नाही. मग बेट आलं.

ती किनाऱ्यावर गेली आणि पहिल्याच खेपेला चपळ माशाच्या मागे लागली. संथ मासा पायाशी होता. मी विचारलं, "हा का नाही घेत?"

"मामा, तो आजारी दिसतोय," ती म्हणाली. "आजारी माणसाला आजारी मासा कसा द्यायचा?"

तिने धावत खेपा घातल्या. मासे सगळे चपळ. सिड उठून बसला. त्याने तराफ्याबद्दल सांगितलं. तिने दोन्ही हात वर केले, आईला हाक मारली, आई स्वयंपाकघरातून येऊन बघून गेली. उत्तरेचा कडा मागे दिसत होता, रिकामा. माझ्या ओठांवर आलं होतं की थांब, सेव्ह करू नकोस, एक दाखवायचंय.

मी पाणी प्यायला उठलो. परत आलो तेव्हा तराफा समुद्रात निघाला होता आणि ती नकाशा उघडून विचारत होती, आता आधी कोणाला शोधायचं.